अंतर आणि उत्तर

२०२०च्या मार्चमध्ये महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांची दारे बंद झाली आणि पुढे जवळजवळ दीड वर्ष, मधले काही खंड वगळता, वर्ग पडद्यावर भरत राहिले. त्या काळात शिक्षकांच्या बैठकांतून, परिपत्रकांतून आणि वेबिनारांतून एक प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला: ऑनलाइन वर्गात विद्यार्थ्यांची प्रेरणा कशी टिकवावी? त्याची उत्तरेही ठरावीक असत. पाठ लहान करा, चित्रे घाला, मध्येच एखादी प्रश्नमंजूषा घ्या, कॅमेरे सुरू ठेवायला सांगा. या सर्व सूचनांमागे एकच गृहीतक होते. प्रेरणा ही शिक्षकाने विद्यार्थ्याकडे पाठवायची वस्तू आहे आणि पाठवण्याचे साधन पुरेसे आकर्षक असले की ती बिनबोभाट पोचते, असे ते गृहीतक.

मराठी बोलणाऱ्यांचा अनुभव थोडा निराळा आहे. 'प्रेरणा' हा शब्द आपण सहसा व्यासपीठावर वापरतो. घरात आणि वर्गात बोलताना आपण म्हणतो की वाचनाची गोडी लागली, गणिताचा नाद लागला, बाईंचा लळा लागला. 'लागणे' या क्रियापदाला दोन टोके लागतात. गोडी कोणी कोणाला पाठवत नाही. ती दोघांच्या मध्ये कुठेतरी धरते. शब्दांवरून इतिहास सिद्ध होत नाही हे मान्य. पण इतिहासाकडे कोणता प्रश्न घेऊन जावे, हे शब्द सुचवू शकतात. दूर बसलेल्या विद्यार्थ्याला शिकवण्याचा उद्योग किमान पावणेदोनशे वर्षे चालू आहे. त्यात ज्यांची गोडी टिकली ती कशामुळे टिकली, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

गुरूवाचून शिकणाऱ्या विद्यार्थ्याची आपल्या परंपरेतील ठळक मूर्ती म्हणजे एकलव्य. टाळेबंदीच्या दिवसांत त्याचे नाव अनेकदा घेतले गेले: मातीच्या पुतळ्यासमोर जो धनुर्विद्या शिकला, त्याला स्मार्टफोनची काय कथा! महाभारतातील कथा मात्र इतकी सोयीची नाही. एकलव्याला गुरूकडून पहिल्या भेटीत नकार मिळाला आणि दुसऱ्या भेटीत अंगठ्याची मागणी. मधल्या साऱ्या साधनेला गुरूचे उत्तर असे कधीच मिळाले नाही. अशा साधकाची असामान्यता निर्विवाद आहे; पण असामान्य अपवादावर सामान्य मुलांची शाळा उभारता येत नाही.

१.

दूरशिक्षणाचा इतिहास बहुधा साधनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आधी टपाल, मग रेडिओ, मग दूरचित्रवाणी, मग उपग्रह आणि शेवटी इंटरनेट. या क्रमात प्रत्येक पायरीवर शिक्षकाचा आवाज अधिक लांब, अधिक वेगाने आणि अधिक लोकांपर्यंत पोचतो. हा इतिहास खोटा नाही, पण अर्धा आहे. दुसरा अर्धा भाग विद्यार्थ्याच्या उत्तराचा आहे. ते कोणत्या वाटेने परत येत होते आणि आल्यावर कोण वाचत होते?

१८४० साली ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर कोठेही पत्र पोचवणारी टपालव्यवस्था सुरू झाली. लघुलिपीची आपली पद्धत रचणाऱ्या आयझॅक पिटमनने तिचा लगेच उपयोग केला. शिकणाऱ्यांनी बायबलमधील उतारे लघुलिपीत लिहून त्याच्याकडे धाडायचे आणि त्याने ते तपासून परत पाठवायचे, अशी ती रीत. येथे एक साधी गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. टपाल स्वस्त झाले ते दोन्ही दिशांनी. शिकवणाऱ्याला पाठवणे जेवढे परवडत होते, तेवढेच शिकणाऱ्यालाही. पुढच्या काळातील अनेक साधनांना ही समता लाभली नाही.

या टपालशिक्षणाचे सर्वांत सुंदर उदाहरण बॉस्टनमधले आहे. ॲना एलियट टिकनॉर या विदुषीने १८७३ साली तेथे घरी राहून अभ्यास करू इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठी एक संस्था काढली. हार्वर्डचे वर्ग स्त्रियांना बंद होते, तो हा काळ. इतिहास, विज्ञान, कला, इंग्रजी साहित्य, जर्मन आणि फ्रेंच असे सहा विभाग होते. पदवी मिळत नसे. पुस्तके हवी असल्यास संस्थेच्या ग्रंथालयातून ती टपालाने येत. प्रत्येक विद्यार्थिनीला एक पत्रलेखिका नेमून दिलेली असे. विद्यार्थिनीने वाचलेल्या भागाची टिपणे पुस्तक मिटून, आठवणीतून लिहायची आणि आपल्या पत्रलेखिकेला कळवायचे. तिने दर महिन्याला पत्राने उत्तर द्यायचे, पुढचे वाचन सुचवायचे. पहिल्या वर्षी पंचेचाळीस विद्यार्थिनी होत्या. पुढच्या चोवीस वर्षांत सात हजारांहून अधिक स्त्रियांनी या संस्थेतून अभ्यास केला.

पदवी नाही, नोकरीचे आमिष नाही, सक्ती तर नाहीच. मग घरकाम आणि मुलेबाळे सांभाळून या स्त्रिया रात्री पुस्तक उघडून का बसत असतील? ज्ञानाची ओढ हे उत्तर आहेच. पण ओढ ही महिन्यामागून महिने टिकवायची गोष्ट असते. महिनाअखेरीस एक ओळखीची व्यक्ती आपल्या टिपणाची वाट पाहत आहे, ते आले नाही तर तिला चुकल्याचुकल्यासारखे वाटेल, ही जाणीव त्या व्यवस्थेच्या गाभ्याशी होती. १८९६मध्ये टिकनॉर निवर्तल्या आणि १८९७मध्ये संस्था थांबली.

२.

साथीच्या रोगामुळे शाळा बंद होणे आणि धडे वाऱ्यावरून घरी येणे, या दोन गोष्टी प्रथम मोठ्या प्रमाणावर एकत्र आल्या त्या शिकागोत, १९३७च्या सप्टेंबरात. पोलिओच्या साथीमुळे शहरातील शाळा उघडणे लांबणीवर पडले. अधीक्षक विल्यम जॉन्सन यांच्या प्रशासनाने रेडिओवरून शाळा भरवण्याचे ठरवले. तिसरी ते आठवीच्या तीन लाखांहून अधिक मुलांसाठी शहरातील सहा केंद्रांनी आपली वेळ विनामूल्य दिली. पाठ पंधरा मिनिटांचे. काही वारी विज्ञान आणि समाजशास्त्र, उरलेल्या वारी इंग्रजी आणि गणित. कोणत्या इयत्तेचा पाठ किती वाजता, कोणत्या केंद्रावर, त्यासोबत काय वाचायचे आणि कोणते प्रश्न सोडवायचे, हे वर्तमानपत्रे सकाळी छापत.

आजच्या वाचकाला या प्रयोगातले सारेच ओळखीचे वाटेल. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता किंवा प्रक्षेपण नीट येत नव्हते ती मुले बाहेर राहिली. शिक्षक भरभर बोलतात, मुलाला अडले तर थांबवता येत नाही, ही तक्रार झाली. पाठ रंजक करण्याचा आग्रह होता, आणि रंजकतेमुळे शिक्षण पातळ होते काय, हा वादही होता.

आम्हांला या साऱ्यात सर्वांत बोलकी वाटते ती दूरध्वनीची हकीकत. पालकांच्या शंकांसाठी शिक्षण मंडळाने सोळा शिक्षक दूरध्वनीवर बसवले होते. पहिल्याच दिवशी हजाराहून अधिक दूरध्वनी आले आणि आणखी पाच शिक्षक नेमावे लागले. योजना आखणाऱ्यांच्या दृष्टीने रेडिओ हे मुख्य साधन होते आणि दूरध्वनी ही पुरवणी. घराघरांतून पाहिले तर कदाचित हा क्रम उलटा असेल. रेडिओला विचारता येत नाही हे कळताच लोकांनी ज्याला विचारता येते ते यंत्र उचलले. तीन लाख मुलांमागे एकवीस शिक्षक ही परतीची वाट फारच अरुंद होती. काही आठवड्यांत शाळा उघडल्या आणि प्रयोग संपला. परंतु त्याने मांडलेला हिशेब संपला नाही.

३.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या हिशेबाला सिद्धान्ताचे रूप आले. स्वीडिश अभ्यासक ब्योर्ये होल्मबर्ग यांचे म्हणणे असे की, उत्तम दूरशिक्षण हे मूलतः संभाषण असते. छापील धडासुद्धा शिकणाऱ्याशी बोलतो आहे असा लिहिला गेला पाहिजे. अमेरिकन अभ्यासक मायकेल मूर यांनी १९७०च्या दशकापासून मांडले की, शिक्षणातील अंतर मैलांत मोजायचे नसते. संवाद जितका कमी, तितके अंतर अधिक. हे अंतर एकाच खोलीत बसलेल्या गुरुशिष्यांतही असू शकते. नॉर्वेतील एका पत्रद्वारा शिक्षणसंस्थेत त्याच दशकात तोर्स्ताइन रेकेदाल यांनी एक साधा प्रयोग केला. तपासलेला स्वाध्याय विद्यार्थ्याकडे परत जायला जितके दिवस लागत, त्यांतले काही त्यांनी एका गटापुरते कमी केले. धडे तेच, पुस्तके तीच. ज्यांना उत्तर लवकर मिळाले, त्या गटात अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय वाढले.

ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९मध्ये स्थापन झाले आणि १९७१च्या जानेवारीत तेथील पहिल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास सुरू झाला. जगभर त्याची प्रसिद्धी झाली ती बीबीसीवरील कार्यक्रमांमुळे. त्याचा कणा मात्र टपालाने येणारे स्वाध्याय आणि त्यांवर मार्गदर्शकाने लिहिलेले सविस्तर शेरे हा होता. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने गावोगावच्या अभ्यासकेंद्रांवर संपर्कसत्रांची सोय केली, ती याच जाणिवेतून. 'संपर्कसत्र' हा शब्द कार्यालयीन आहे खरा, पण पुस्तक पोचले म्हणजे शिक्षण पोचले असे होत नाही, ही कबुली त्यात आहे.

ही कबुली २०११-१२च्या उत्साहात विसरली गेली. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा कृत्रिम बुद्धिमत्तेवरील अभ्यासक्रम २०११मध्ये इंटरनेटवर खुला झाला तेव्हा सुमारे एक लाख साठ हजार लोकांनी नावे नोंदवली. पूर्ण करणारे तेवीस हजारांच्या आसपास होते. पुढे अशा महाअभ्यासक्रमांची लाट आली आणि बहुतेक ठिकाणी शंभरातले दहा-बारा जणही शेवटापर्यंत पोचत नाहीत असे आढळू लागले. नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाला पूर्ण करायचेच असते असे नाही, हा बचाव योग्य आहे. तरीही एक गोष्ट उरते. येथे उत्तर मिळायला दिवस लागत नव्हते. बरोबर की चूक, हे यंत्र तत्काळ सांगत होते. म्हणजे रेकेदालांच्या प्रयोगातून केवळ वेग उचलून भागत नाही. उत्तर लवकर यावे हे खरेच. पण ते कोणाकडून यावे, हा प्रश्न त्याहून जुना आणि अवघड आहे.

४.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेऊन २०२०-२१च्या महाराष्ट्राकडे पाहिले, तर नव्या साधनांच्या गर्दीत जुनाच प्रश्न दिसतो. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला सुरू केली. तिचे दुवे व्हॉट्सॲपवरून शिक्षकांकडे आणि शिक्षकांकडून पालकांकडे जात. पाठवण्याची ही साखळी कार्यक्षम होती. दुसऱ्या टोकाला काय घडत होते? 'असर'च्या सप्टेंबर २०२०मधील दूरध्वनी-पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांच्या ६१.८ टक्के घरांत स्मार्टफोन होता. २०१८मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होते. त्या वर्षाची पाठ्यपुस्तके ऐंशी टक्क्यांहून अधिक मुलांकडे होती. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले मात्र एक-तृतीयांशाच्या आसपास होती. पुस्तक घरात होते, फोनही अनेक घरांत आला होता, 'काय वाचलेस?' असे विचारणारे माणूस बहुसंख्य घरांत पोचले नव्हते.

ज्या उपक्रमांनी मुले धरून ठेवली, त्यांत ही उणीव कोणत्या तरी मार्गाने भरून काढलेली दिसते. जुलै २०२०मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. तीत फळा आणि शिक्षक असा वर्ग नव्हता. घरात, अंगणात, परिसरात मुले आणि मोठी माणसे मिळून काही करून पाहतात, असे तिचे रूप होते. दूरचित्रवाणी उत्तर ऐकू शकत नाही हे मान्य करून तिने उत्तर ऐकण्याचे काम घरातल्या माणसांकडे सोपवले. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर एका स्वयंसेवी संस्थेने ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवणारी 'बोलकी शाळा' चालवली. ध्वनिक्षेपकाहून अधिक एकतर्फी साधन दुसरे नसेल. पण तो ऐकायला मुले उघड्यावर एकत्र बसत आणि एकत्र बसली की एकमेकांना उत्तरे देत. सोलापुरात नीलमनगरच्या वस्तीत घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले, तेव्हा तोच धडा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्याही तोंडी येऊ शकला. याच्या शेजारी 'स्वाध्याय' ही नोव्हेंबर २०२०मध्ये सुरू झालेली व्हॉट्सॲपवरील प्रश्नावली ठेवून पाहावी. तीत उत्तराला प्रतिसाद होता, पण तो स्वयंचलित होता.

या उपक्रमांच्या मर्यादा झाकण्यात अर्थ नाही. आईबाप मजुरीला गेलेल्या घरात 'टिलीमिली' कोणाबरोबर पाहायची? ज्या मुलाला कामाला लावले गेले किंवा ज्या मुलीचे लग्न उरकले गेले, त्यांच्यापुढे गोडीचा प्रश्न उपस्थितच होत नाही. प्रेरणेची चर्चा अनेकदा दारिद्र्याची चर्चा टाळण्यासाठी होते. म्हणून आमचे म्हणणे मर्यादित आहे. साधन हाती असूनही जी मुले हळूहळू निसटली, त्यांच्यापुरते ते आहे.

५.

साहित्याच्या वर्गात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. कविता शिकवताना शिक्षक वर्गाकडे पाहत असतो. एखाद्या ओळीवर कोणाचे डोळे क्षणभर थांबतात, कोणी शेजाऱ्याकडे पाहतो, कोठे हसू फुटते, कोठे शांतता दाट होते. पुढचे वाक्य या खुणा वाचून ठरते. पडद्यावर या खुणा नावे लिहिलेल्या काळ्या चौकटींत बुडाल्या. हजेरीच्या जागी अंगठ्याचे चिन्ह आले. उपस्थिती नोंदवली गेली, प्रतिसाद हरवला. आणि अनेक अहवालांनी पहिलीलाच दुसरा समजून आकडे भरले.

त्या दिवसांत ज्या वर्गांत काही जिवंत राहिले, तेथे बहुधा छोट्या आणि जुन्याच रीती दिसत होत्या. विद्यार्थ्यांनी आपल्या बोलीच्या हेलात कविता वाचून ध्वनिमुद्रित करावी आणि शिक्षकाने ती ऐकून दोन वाक्ये परत पाठवावीत. आठवड्याला एक पान टिपण लिहावे आणि त्यातल्या एका वाक्यावर प्रश्न यावा. दोघांनी एकमेकांची टिपणे वाचावीत. आपल्या साहित्यालाही ही वाट अपरिचित नाही. साने गुरुजींची 'सुंदर पत्रे' पुतणीला लिहिलेली आहेत. निसर्गापासून समाजापर्यंत नाना विषय त्यांत येतात, पण ते येतात एका विशिष्ट मुलीशी बोलताना. म्हणूनच इतरांनाही ते आपल्याशी बोलल्यासारखे वाटतात.

आज कोणी म्हणेल की हा प्रश्न सुटला. संवाद करणारी यंत्रे आता कोणत्याही प्रहरी, क्षणार्धात, चांगल्या मराठीत टिपणावर अभिप्राय देतात. त्यांचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. पण बॉस्टनच्या त्या विद्यार्थिनींची कसोटी येथे लावून पाहावी. टिपण आले नाही तर कोणाला चुकल्याचुकल्यासारखे वाटेल? मागच्या महिन्यात कोठे अडखळली होती हे आठवून या महिन्यात कोण विचारील? उत्तराचा मजकूर आणि उत्तराची वाट पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विद्यार्थ्याला बहुधा दुसरीच बांधून ठेवते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे सारे करायचे कोणी? टिकनॉर यांच्या पत्रलेखिका बहुतांशी सुस्थित घरांतील, मोबदला न घेणाऱ्या स्त्रिया होत्या. आपल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकाकडे तशी फुरसत नाही आणि त्याने फुकट राबावे असे म्हणण्याचा अधिकारही कोणाला नाही. साधे गणित करू. वर्गात एकशे वीस विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाचे एक पान वाचून चार ओळी लिहायला दहा मिनिटे लागतात. महिन्यातून एकदाच लिहायचे म्हटले तरी वीस तास झाले. हे वीस तास कार्यभाराच्या कोणत्याच तक्त्यात नसतात. व्याख्यानाचे चित्रीकरण मोजले जाते, कारण ते दिसते. वाचणे मोजले जात नाही. प्रेरणा टिकत नाही असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा या न मोजलेल्या तासांविषयीच बोलत असतो, फक्त दोष विद्यार्थ्याच्या स्वभावावर ढकलून.

साथ ओसरली, ऑक्टोबर २०२१पासून शाळा टप्प्याटप्प्याने उघडल्या, तरी पडदा गेलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांनी एखाद्या सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्' या व्यासपीठावरून करण्याची मुभा दिली आहे. म्हणजे साथीत नाइलाजाने केलेली गोष्ट आता व्यवस्थेचा भाग होऊ शकते. अशा अभ्यासक्रमांच्या पत्रकांत व्हिडिओंची संख्या, तासांची संख्या आणि श्रेयांकांची संख्या नेमकी छापलेली असते. साहित्याच्या अभ्यासमंडळांवर बसणाऱ्या शिक्षकांनी त्यात आणखी एका रकान्याचा आग्रह धरावा, असे आम्हांला वाटते. विद्यार्थ्याने लिहिलेले पान कोण वाचणार, किती दिवसांत परत येणार आणि त्या वाचण्याचे तास कोणाच्या कार्यभारात धरणार? पिटमनच्या टपालापासून आजवर या रकान्यात जे लिहिले गेले, त्यावरच मागच्या बाकावरचा विद्यार्थी शेवटापर्यंत राहिला की नाही, हे बरेचसे ठरत आले आहे.